कामावर परतण्याची वाट : आघात सोसलेल्या कर्मचाऱ्यांसाठी व्यवसायोपचार

शासकीय अथवा निमशासकीय सेवेतील कर्मचारी आजारी पडला म्हणजे त्याच्या नस्तीत दोन कागद दाखल होतात. तो कामास असमर्थ आहे, असे पहिला कागद सांगतो. तो कामावर रुजू होण्यास योग्य आहे, असे दुसरा सांगतो. हाड मोडले असेल किंवा विषमज्वर झाला असेल तर एवढ्यावर बहुधा भागते. परंतु कर्तव्य बजावीत असतानाच ज्याच्या मनावर जबर आघात झाला, त्याच्या बाबतीत या दोन कागदांमधला काळ फार लांब असतो. नुसते घरी बसून तो बरा होत नाही आणि एकदम जुन्या जागी उभा केला तर अनेकदा अधिकच खचतो. नेमक्या या मधल्या काळात उपयोगी पडणारी वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा आहे. तिचे नाव व्यवसायोपचार. महाराष्ट्रात तिचे शिक्षण १९५० पासून दिले जात आहे. तथापि ज्यांच्या एका आदेशावर कर्मचाऱ्याचे कामावर परतणे सुकर किंवा दुष्कर होते, त्या कार्यालयप्रमुखांना आणि पंचायत सदस्यांना या शाखेची ओळख फारच थोडी आहे.

संकट कोसळले म्हणजे लोक ज्या ठिकाणाहून पळ काढतात, त्या ठिकाणी ज्यांना जावे लागते ते आघाडीवरचे कर्मचारी होत. अपघात विभागातील परिचारिका, रुग्णवाहिकेचा चालक, अग्निशमन दलाचा जवान, पोलीस शिपाई, खांबावर चढणारा वायरमन, गटारात उतरणारा सफाई कामगार, गावातील आशा स्वयंसेविका हे सर्व त्यांत येतात. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड आली. अशा ठिकाणी चिखलातून मृतदेह काढणे, त्यांची ओळख पटविणे, पंचनामे करणे आणि नातेवाइकांना तोंड देणे ही कामे कोणाला तरी करावीच लागतात. मृतांची मोजदाद होते, जखमींची होते. ही कामे करणाऱ्यांच्या मनावर काय उमटले याची नोंद मात्र कोणत्याही रकान्यात होत नाही.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या विकारसूचीत आघातोत्तर ताणविकाराला स्थान दिले ते १९८० साली. त्याच सूचीच्या २०१३ च्या आवृत्तीने आणखी एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली. आघात स्वतःवरच ओढवला पाहिजे असे नाही. कामाचा भाग म्हणून मानवी अवशेष गोळा करणारे किंवा बालकांवरील अत्याचारांचे तपशील वारंवार ऐकणारे पोलीस यांनाही हा विकार जडू शकतो. म्हणजे “त्याला स्वतःला कुठे काय झाले होते?” हा कार्यालयात सर्रास विचारला जाणारा प्रश्न वैद्यकाने निकालात काढला आहे.

शिस्तभंग की आजार?

आघाताची लक्षणे दवाखान्यापेक्षा हजेरीपटावर आधी दिसू लागतात. घटनेनंतर पहिले काही दिवस झोप न येणे, दचकणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे हे स्वाभाविक असते आणि बहुसंख्य माणसे काही आठवड्यांत आपोआप सावरतात. एक महिना उलटल्यावरही हे थांबले नाही आणि कामकाजात अडथळा येऊ लागला तर तो विकार समजावा लागतो. मात्र तोवर कार्यालयाने त्याला दुसरीच नावे दिलेली असतात. रात्रपाळी बदलून मागणारी परिचारिका ‘कामचुकार’ ठरते. ठराविक रस्ता टाळून लांबच्या रस्त्याने रुग्णवाहिका नेणाऱ्या चालकाला इंधनाचा हिशेब विचारला जातो. वरिष्ठांवर एकाएकी ओरडणाऱ्या शिपायाला कारणे दाखवा नोटीस मिळते. अहवाल लिहिताना शब्द न सुचणारा ग्रामसेवक ‘निष्काळजी’ म्हटला जातो. आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, सतत सावध व चिडचिडे राहणे, लक्ष न लागणे ही या विकाराची लक्षणेच आहेत. पूर्वी नेकीने काम करणारा माणूस विशिष्ट घटनेनंतर असा वागू लागला असेल, तर ज्ञापन काढण्यापूर्वी वरिष्ठाने दिनदर्शिकेची मागची पाने चाळून पाहणे श्रेयस्कर.

नावामुळे होणारा गैरसमज

‘व्यवसायोपचार’ या शब्दातील व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. हे धंदेशिक्षण आहे किंवा रुग्णाला टोपल्या विणायला लावण्याचा प्रकार आहे, असा समज आजही सुशिक्षितांत आढळतो. येथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्या कृतींनी भरलेला असतो त्या सर्व. सकाळी उठून दात घासणे, मुलांचा डबा भरणे, एसटी पकडणे, गणवेश चढविणे, रुग्णाला सलाईन लावणे आणि रात्री झोपणे हे सारे व्यवसायच. आजाराने वा आघाताने यांपैकी जे मोडले ते पुन्हा जुळविणे आणि जुळविण्यासाठी त्याच कृतींचा औषधासारखा मात्रेमात्रेने वापर करणे, हे या शास्त्राचे काम. भौतिकोपचार प्रामुख्याने स्नायू, सांधे व हालचाल यांकडे पाहतो. व्यवसायोपचार त्या हालचालीतून माणसाला कोणते काम करावयाचे आहे, तेथून आरंभ करतो.

या विचाराला व्यापक चालना मिळाली ती पहिल्या महायुद्धात. एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथे तोफांच्या माऱ्याने मन कोलमडलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी लष्करी रुग्णालय होते. तेथील डॉ. आर्थर ब्रॉक यांचे मत असे की, आघाताने माणूस आपल्या परिसरापासून तुटतो आणि हा तुटलेला धागा नुसत्या विश्रांतीने जुळत नाही, तो कामाने जुळतो. त्यांनी आपल्या रुग्णांना बागकाम, परिसराची पाहणी, रुग्णालयाचे नियतकालिक काढणे अशी कामे दिली. पुढे युद्धविरोधी कवितेसाठी जगभर ओळखला गेलेला विल्फ्रेड ओवेन हा १९१७ साली त्यांचा रुग्ण होता. तो त्या नियतकालिकाचे संपादन करी आणि शहरातल्या एका शाळेत मुलांना शिकवायलाही जाई. तो सावरला, परंतु सावरल्यावर त्याला पुन्हा आघाडीवर जावे लागले आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबण्याच्या एक आठवडा आधी, तो मारला गेला. या उपचारपद्धतीच्या इतिहासात हा प्रसंग अडचणीचा आहे आणि तो विसरला जाऊ नये. माणसाला बरे करावयाचे ते कशासाठी? रिकामी झालेली जागा भरण्यासाठी, की त्याचे जिणे त्याला परत मिळावे म्हणून? कर्मचाऱ्याच्या पुनर्वसनाची कोणतीही योजना आखताना हा प्रश्न समोर येतो. त्याला ज्या परिस्थितीने जखमी केले ती परिस्थिती तशीच ठेवून त्याला तेथे पाठविणे म्हणजे उपचार नव्हेत.

त्याच सुमारास, मार्च १९१७ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज बार्टन या वास्तुशिल्पज्ञाच्या पुढाकाराने व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. बार्टन स्वतः क्षयाने व पक्षाघाताने जर्जर झाले होते आणि बागकाम व सुतारकाम करीत त्यांनी स्वतःला उभे केले होते. भारतात ही विद्या आणली ती कमला विष्णु निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई विवाहानंतर भारतात स्थायिक झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये या क्षेत्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारताचे नाव होते, हे त्यांच्याच खटपटीचे फळ. फलटणचे कमला निंबकर बालभवन अनेक शिक्षकांना परिचित असेल. ते नाव याच बाईंचे.

उपचार कसा चालतो

एक कल्पित परंतु नित्याच्या अनुभवातले उदाहरण घेता येईल. जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री एक तरुण दगावतो. संतप्त जमाव आत घुसतो, काचा फुटतात, परिचारिकेला मारहाण होते. जखमा दहा दिवसांत भरून येतात. रुग्णालयातील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली गुन्हाही दाखल होतो. तीन आठवड्यांनी ती रुजू होते आणि पहिल्याच रात्री, स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज ऐकून तिचे हात एवढे कापू लागतात की तिला शीर सापडत नाही. ती पुन्हा रजेवर जाते. यावेळी तिच्या मनात भीतीबरोबर आणखी एक गोष्ट घर करते: आपण आता या कामाच्या राहिलो नाही.

व्यवसायोपचारतज्ज्ञ तिला प्रथम तो प्रसंग सांगायला लावीत नाही. तिचा दिवस कसा जातो, हे तो विचारतो. कितीला झोप लागते, कितीला मोडते, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की काय होते, बाजारात ती एकटी जाते का. त्यानंतर तिला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामांची यादी तिच्याच तोंडून घेतली जाते आणि प्रत्येक काम आज किती जमते व त्यात किती समाधान वाटते, याला ती एक ते दहापर्यंत गुण देते. कॅनडात तयार झालेली आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही मोजणीची रीत जगभर वापरली जाते. तिचा विशेष असा की, गुण तज्ज्ञ देत नाही, रुग्ण देतो. काही आठवड्यांनी तीच यादी पुन्हा पुढे ठेवली म्हणजे सुधारणा झाली की नाही ते दोघांनाही दिसते.

पुढची पायरी कृतीच्या पृथक्करणाची. ‘अपघात विभागात काम करणे’ हे कागदावर एक काम असले तरी प्रत्यक्षात त्याचे वीसएक तुकडे पडतात. रुग्णालयाच्या फाटकातून आत येणे, गणवेश घालणे, त्या बोळातून चालणे, औषधांचा ट्रे लावणे, सुई टोचणे, नातेवाइकांशी बोलणे, रात्री एकटीने वॉर्ड सांभाळणे. यांपैकी कोणता तुकडा सहज जमतो, कोणत्याने छातीत धडधडते, कोणता अशक्य वाटतो, याचा क्रम लावला जातो. सोप्यापासून सुरुवात होते. आधी झोपेची व जेवणाची घडी बसविणे, कारण झोप मोडलेल्या माणसाकडून पुढचे काहीच होत नाही. मग श्वासाचा व स्नायू सैल सोडण्याचा सराव. हा सराव खाटेवर पडून करण्यापेक्षा सिरिंज भरताना, ट्रे लावताना केला जातो, म्हणजे तो कामाच्या वेळी आठवतो. त्यानंतर दिवसा, सोबत कोणी असताना, नुसते विभागात जाऊन येणे. मग बाह्यरुग्ण विभागात दोन तास. मग चार तास. मग अपघात विभागात सकाळपाळी, अनुभवी सहकाऱ्याबरोबर. रात्रपाळी सर्वांत शेवटी.

ही वाटचाल किती आठवड्यांत व्हावी याचे कोष्टक नसते. एखाद्या पायरीवर माणूस अडखळतो, तेव्हा एक पायरी खाली उतरून पुन्हा चढावे लागते. ही पीछेहाट समजली जात नाही. महत्त्वाचे ते एवढेच की, प्रत्येक पायरीवर भीती थोडी वाटावी, परंतु ती ओसरेपर्यंत तेथे थांबता यावे. भीती शिगेला असताना पळून जाण्याची वेळ आली तर शरीर पळणेच शिकते.

याच ठिकाणी उपचाराचा निम्मा भाग तज्ज्ञाच्या हातून निसटून मेट्रनच्या आणि जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हाती जातो. दोन तासांचे काम, सोबतीची पाळी, रात्रपाळीतून काही काळ सूट या गोष्टी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाहीत. त्या कर्तव्यतक्त्यावर लिहाव्या लागतात. शिवाय अपघात विभागाच्या दाराशी पहारा नाही, धोक्याची घंटा नाही आणि एका परिचारिकेवर पूर्वीइतक्याच खाटा आहेत, अशी स्थिती असेल तर तिची भीती हा विकार नसून ते वास्तवाचे अचूक आकलन आहे, असेच म्हणावे लागेल.

शरीराची जखमही सोबत असेल तर काम आणखी गुंतागुंतीचे होते. उच्च दाबाच्या विजेचा धक्का बसलेल्या वायरमनचे हात भाजतात. कातडी भरून आली तरी आतले स्नायुबंध आखडतात. हात उपयोगी स्थितीत राहावा म्हणून व्यवसायोपचारतज्ज्ञ त्याच्या मापाची स्प्लिंट बनवितो आणि व्रण जाड होऊ नयेत म्हणून दाबाचे घट्ट हातमोजे देतो. हे मोजे दिवसरात्र, कित्येक महिने वापरावे लागतात. हाताची पकड परत येत असतानाच पक्कड, पाना, दोर यांचा सराव सुरू होतो. तथापि पकड आली म्हणून तो खांबावर चढेलच असे नाही. उपकेंद्रातील गुणगुण ऐकूनच ज्याला घाम फुटतो, त्याला पुष्कळ दिवस जमिनीवरच हत्यारे हाताळावी लागतात, मग पहिल्या दोन फुटांवर. आणि खांबावर पुन्हा चढायचेच नाही असे त्याने ठरविले तर तोही निर्णय आदराने स्वीकारून मीटर तपासणी, भांडार, नव्या उमेदवारांना सुरक्षिततेचे शिक्षण अशा कामांकडे वळावे लागते.

मर्यादा

व्यवसायोपचार हा मानसोपचाराचा पर्याय नव्हे. आघातोत्तर ताणविकारावर आघातकेंद्रित मानसोपचाराच्या उपयुक्ततेचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. काही रुग्णांना औषधेही लागतात. या विकारापुरता व्यवसायोपचाराचा अभ्यास अद्याप तुलनेने कमी झालेला आहे. त्याचे बळ आहे ते बरे होऊ लागलेल्या माणसाला त्याच्या दिनक्रमात व कामात परत नेण्यात. आत्महत्येचे विचार, दारूचा आधार किंवा घटनेविषयी कमालीची अपराधी भावना दिसली तर प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी निःशुल्क उपलब्ध आहे.

सद्‌भावनेने केलेल्या एका गोष्टीबद्दल येथे सावध करणे अगत्याचे आहे. मोठ्या दुर्घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी सर्व कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाला आपला अनुभव सविस्तर सांगायला लावण्याची पद्धत एकेकाळी जगभर रूढ झाली होती. अशा एका बैठकीमुळे पुढील विकार टळत नाही आणि काहींना त्यातून अपायच होण्याचा संभव असतो, असे संशोधनाचे एकत्रित परीक्षण केल्यावर आढळून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचविला आहे. सुरक्षित जागा, पाणी, अन्न, झोप, घरच्यांशी संपर्क. आणि त्याला बोलावेसे वाटले तर ऐकून घेणे, बोलावेसे वाटत नसेल तर न विचारणे.

अधिकार आणि उणिवा

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २० मधील तरतूद प्रत्येक आस्थापना लिपिकाला माहीत असणे आवश्यक आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने सेवेतून दूर करता येत नाही वा त्याची पदावनती करता येत नाही. धारण केलेल्या पदासाठी तो योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या व सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर त्याला घ्यावे लागते. तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा नियत वयोमान होईपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. या अधिनियमात मानसिक आजाराचाही समावेश आहे. अर्थात आघात सोसलेला प्रत्येक कर्मचारी दिव्यांग ठरतो असे नाही आणि ठरू नये हेच उपचाराचे उद्दिष्ट असते. काही आठवडे हलके काम देण्यासाठी एवढ्या मोठ्या कायद्याची गरजही पडत नाही. रोजच्या पाळ्या ठरविणाऱ्या अधिकाऱ्याने मनात आणले की पुरते.

हे झाले पगारी नोकरांचे. आशा स्वयंसेविकेची गोष्ट निराळी. २००५ पासून गावोगावच्या आरोग्याचा भार वाहणाऱ्या या स्त्रिया मानधनावर व कामाच्या मोबदल्यावर काम करतात. प्रसूतीसाठी निघालेली बाई वाटेतच तिच्या मांडीवर दगावली, तर दुसऱ्या दिवशी त्याच घरावरून तिला लसीकरणाची यादी घेऊन जावे लागते. न गेल्यास तेवढा मोबदला बुडतो. मार्च २०२० मध्ये कोरोनाशी झुंजणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्र शासनाने ५० लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर केले आणि त्यात आशांचाही समावेश केला. ते योग्यच झाले. परंतु ते संरक्षण मृत्यूसाठी होते. त्या कामातून जिवंत परतलेल्या, पण रात्री झोपू न शकणाऱ्या बाईसाठी त्यात काही नव्हते. येथे गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आणि गटप्रवर्तक काही गोष्टी आपणहून करू शकतात: काही दिवस गृहभेटींना दुसऱ्या आशेची किंवा अंगणवाडी सेविकेची सोबत देणे, ज्या घरी प्रसंग घडला तेथील भेट तात्पुरती दुसरीकडे सोपविणे आणि गावात तिच्यावर ठपका ठेवणारी कुजबूज सुरू झाल्यास सरपंचांनी ती चारचौघांत थांबविणे.

तज्ज्ञ कोठे भेटतील हा प्रश्न राहतो. मुंबईत के.ई.एम., शीव व नायर या महापालिका रुग्णालयांशी संलग्न विद्यालये आणि हाजी अली येथील १९५५ साली स्थापन झालेली पुनर्वसन संस्था, विदर्भात नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही या विद्येची जुनी केंद्रे. मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. तालुक्याच्या ठिकाणी असा तज्ज्ञ क्वचितच मिळतो. तेथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकामार्फत संपर्क साधणे सोयीचे पडते.

कार्यालयाने कर्मचाऱ्याला त्याच्या संमतीने तज्ज्ञाकडे पाठविताना द्यावयाच्या पत्रात सहसा दुर्घटनेचे वर्णन असते आणि कामाचे नसते. ते उलट असावयास हवे. प्रसंगाविषयी काय व किती सांगावयाचे हे कर्मचाऱ्यावर सोडावे. उपचाराची गोपनीयता हा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने त्याला दिलेला हक्क आहे. पत्रात लिहावे ते असे: त्याच्या कामाचे तास व पाळ्या, किती वजन उचलावे लागते, कोणती यंत्रे किंवा हत्यारे वापरावी लागतात, एकट्याने काम करावे लागते की जोडीने, जनतेशी थेट संबंध किती येतो, घर ते कामाची जागा हे अंतर तो कसा कापतो, आणि पुढील दोन-तीन महिने कार्यालय त्याला कोणते हलके काम देऊ शकेल. खाली दूरध्वनी क्रमांक द्यावा तो पाळ्या लावणाऱ्या अधिकाऱ्याचा.